सौदा करायला मनाई

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्यानं उभं राहून मला प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "आपण सारखं म्हणतो की बाजार खुला करा, सरकारनं मधून बाजूला व्हावं. अमेरिकेत तर दवाखाना, औषध, विमा सगळं बाजारावरच सोडलंय. मग तिथली माणसं औषधापायी कर्जात का बुडतात?" त्या दिवशी संध्याकाळची एसटी पकडायची होती, म्हणून मी उत्तर टाळलं. खरं सांगायचं तर माझ्याजवळ उत्तर नव्हतंच. आज वाचून आलो आहे.

प्रश्न परक्या मुलखातला वाटेल. पण टेक्सासच्या उत्तर भागात, लबक गावाच्या चारी बाजूंना, आपल्यासारखाच कापूस आणि आपल्यासारखीच ज्वारी पिकते. पुष्कळ रान पावसावर अवलंबून. तिथल्या शेतकऱ्याजवळ ट्रॅक्टर आहे, कापूस वेचायचं यंत्र आहे, हजारो एकर जमीन आहे. आणि त्याच्या घरची बाई गावातल्या शाळेत किंवा कचेरीत नोकरीला जाते. पगारासाठी जाते, पण त्याहून जास्त दवाखान्याच्या विम्यासाठी जाते. तिथं विमा नोकरीबरोबर मिळतो. शेतकऱ्याला मालक नाही, म्हणून त्याला तो स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो आणि तो परवडत नाही. आपल्याकडे घर चालवायला बायको निंदणीला जाते, तिथं विमा चालवायला नोकरीला जाते, एवढाच फरक.

आता मूळ गोष्टीवर येतो. मी फक्त एका कायद्यातल्या एका कलमाबद्दल बोलणार आहे.

अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअर नावाची सरकारी योजना आली. पासष्टीच्या पुढच्या माणसाला सरकारी विमा. दवाखान्याचा खर्च त्यात होता, पण घरी रोज घ्यायच्या गोळ्या नव्हत्या. आणि म्हातारपण तर गोळ्यांवरच चालतं. २००३ साली त्यासाठी नवा कायदा आला. चारशे पानांचा कायदा. त्यात सगळ्या म्हाताऱ्यांना खासगी विमा कंपन्यांमार्फत औषधं मिळतील आणि पैसा मुख्यतः सरकार भरेल, अशी व्यवस्था केली. त्या चारशे पानांत एक कलम घातलं. त्याचा अर्थ असा की औषध कंपन्या आणि विमा कंपन्या आपसांत भावाची बोलणी करतील, सरकारच्या आरोग्य मंत्र्यानं त्यात पडायचं नाही. म्हणजे कोट्यवधी माणसांसाठी ज्याच्या तिजोरीतून पैसा जाणार, त्यालाच भाव करायला कायद्यानं मनाई!

याचा अर्थ नीट समजून घ्या. गावातले शंभर शेतकरी एकत्र येऊन कृषी केंद्रावर गेले आणि म्हणाले की आम्ही पाचशे पोती खत उचलतो, बोल काय भाव लावतोस, तर दुकानदार दोन पैसे खाली येतो. उद्या असा कायदा झाला की खत घ्यायला एकत्र जायचं नाही, चार-चार जणांच्या टोळ्या करूनच जायचं, आणि बिल मात्र ग्रामपंचायत भरेल. तर दुकानदार काय करील? त्यानं जे करायचं तेच औषध कंपन्यांनी केलं.

याच अमेरिकेत निवृत्त सैनिकांचे सरकारी दवाखाने आहेत. त्यांच्यासाठी १९९२ साली कायदा झाला, त्यात औषधावर ठरावीक सूट घ्यायची आणि वर घासाघीस करायची मोकळीक ठेवली. म्हणजे तेच सरकार, तीच गोळी, तीच कंपनी. एक खातं भाव पाडून घेतं आणि दुसऱ्या खात्याला तोंड उघडायची बंदी. याला खुला बाजार म्हणणार असाल तर आपल्या डोक्यावर १९७२ पासून पुढं जवळजवळ तीस वर्षं बसलेली कापूस एकाधिकार योजनाही खुला बाजारच होती. तिथं विकणाऱ्याचे हात बांधले होते, इथं घेणाऱ्याचे बांधले. गाठ मारणारा तोच, सरकार. आपल्या वेळी सीमेवर नाके बसवले होते. तिथं एका कलमात काम भागलं.

हे कलम आलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

२२ नोव्हेंबर २००३. पहाटे तीनच्या सुमाराला त्यांच्या खालच्या सभागृहात मतदान सुरू झालं. मतदानाला नेहमी पंधरा मिनिटं देतात. त्या दिवशी मतं कमी पडत होती, म्हणून मतदान उघडंच ठेवलं. जवळजवळ तीन तास! एकेका सदस्याला गाठून, समजावून, दटावून मतं फिरवली आणि उजाडायच्या सुमाराला २२० विरुद्ध २१५ असा कायदा पास झाला. आपल्या बाजार समितीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

या कायद्याचा खर्च किती, हा प्रश्न सभागृहात होता. सांगितलं गेलं, दहा वर्षांत सुमारे चाळीस हजार कोटी डॉलर. मेडिकेअरचा हिशेब ठेवणारा मुख्य अधिकारी रिचर्ड फॉस्टर. त्याचा हिशेब पन्नास हजार कोटींच्या वर जात होता. त्याला त्याच्या वरिष्ठानं, टॉमस स्कली यानं, बजावलं की हा आकडा सभागृहाला दिलास तर नोकरी जाईल. आकडा बाहेर आला तो कायदा झाल्यावर. स्कली महिनाभरात सरकारी नोकरी सोडून एका मोठ्या वकिली कंपनीत गेला. आणि हा कायदा ज्या समितीतून पुढं रेटला, तिचा अध्यक्ष बिली टोझॅन, लुइझियाना राज्याचा सदस्य, तो जानेवारी २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेचा प्रमुख झाला. पगार वर्षाला वीस लाख डॉलरच्या घरात, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी छापलं. यात बेकायदा काहीही नव्हतं. लाचेचं पाकीट नाही, अंधारातला हिशेब नाही. माणूस टेबलाच्या या बाजूनं उठला आणि त्या बाजूला जाऊन बसला.

या धंद्याला तिथं लॉबिंग म्हणतात. सभागृहाच्या दारात उभं राहून आपल्या मालकाचं काम करून घ्यायचं, हाच व्यवसाय. त्याची नोंदणी होते. कोणी किती पैसे घेऊन कोणत्या कायद्यासाठी खटपट केली ते १९९५ च्या एका कायद्यानं जाहीर करावं लागतं. म्हणून तर मी तुम्हाला आकडे सांगू शकतो. आपल्याकडे असा कायदाच नाही. निवडणूक रोख्यांची यादी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं बाहेर काढायला लावली आणि त्यात औषध कंपन्यांची नावं निघाली, तेवढीच आपल्याला दिसलेली फट.

हे २००३ सालीच सुरू झालं असं नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्या देशाला आरोग्य विमा देण्याची योजना मांडली. तेव्हा विरोधात उतरली डॉक्टरांची संघटना. तिनं प्रत्येक डॉक्टरकडून २५ डॉलर पट्टी गोळा केली आणि कॅलिफोर्नियातलं व्हिटेकर आणि बॅक्स्टर नावाचं नवरा-बायकोचं प्रचाराचं दुकान भाड्यानं घेतलं. १९४९ या एका वर्षात पंधरा लाख डॉलरच्या आसपास खर्च केले. सांगायचं एकच, हे समाजवादी वैद्यक आहे, उद्या रशिया आला समजा. योजना मेली. १९६१ साली पुन्हा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलावून एक तबकडी ऐकवायची, अशी मोहीम काढली. तबकडीवर आवाज होता सिनेमातल्या एका नटाचा. त्याचं नाव रोनाल्ड रेगन. पुढं तो अध्यक्ष झाला. १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांची योजना विमा कंपन्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातींनी पाडली. पैसा जास्त, तंत्र तेच.

पण २००९ साली जे घडलं त्याची तऱ्हा वेगळी. यावेळी कंपन्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत. त्या आत येऊन बसल्या.

ओबामा निवडणुकीला उभे होते तेव्हा, २००८ साली, त्यांनी आपल्या जाहिरातीत याच टोझॅनचं उदाहरण दिलं होतं. बघा, कायदा लिहिणारा माणूस कंपन्यांच्या नोकरीत गेला, हा खेळ मी बंद करीन, असा त्याचा आशय. निवडून आल्यावर २००९ च्या उन्हाळ्यात तोच टोझॅन औषध कंपन्यांच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांच्या निवासात वाटाघाटीला बसला. सौदा असा ठरला की कंपन्या दहा वर्षांत आठ हजार कोटी डॉलरची सूट सोसतील आणि नव्या कायद्याच्या बाजूनं जाहिराती करतील. बदल्यात सरकार २००३ च्या त्या कलमाला हात लावणार नाही आणि कॅनडातून स्वस्त औषध आणायला परवानगी देणार नाही. म्हणजे सौदा करायला मनाई असलेल्या सरकारनं एकच सौदा केला, तो ही मनाई चालू ठेवण्याचा.

त्या साली औषध, विमा, दवाखाने मिळून आरोग्याच्या धंद्यानं लॉबिंगवर पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. विमा कंपन्यांच्या संघटनेनं तोंडानं सुधारणेला पाठिंबा दिला आणि पाठीमागून ८ कोटी ६० लाख डॉलर एका व्यापारी संघटनेला दिले, त्याच सुधारणेविरुद्ध जाहिराती करायला. सभागृहाच्या अधिकृत कामकाजात सदस्यांची भाषणं छापतात. एका वर्तमानपत्राच्या बातमीदारानं ती शेजारी ठेवून वाचली तेव्हा वाक्यंच्या वाक्यं सारखी. जेनेनटेक या औषध कंपनीच्या लॉबीवाल्यांनी लिहून दिलेले मुद्दे बेचाळीस सदस्यांनी आपल्या भाषणात घेतले होते. दोन्ही पक्षांचे, बावीस एकाचे आणि वीस दुसऱ्याचे. शाळेत परीक्षेत एवढी नक्कल सापडली असती तर केंद्र रद्द झालं असतं.

आणि जे लोक म्हणत होते की विमा कंपन्याच नकोत, सरकारनं सगळ्यांना एकच विमा द्यावा, त्यांना काय मिळालं? मे २००९ मध्ये वरच्या सभागृहाच्या अर्थ समितीची बैठक होती. साक्षीला बोलावलेल्यांत या मताचा एकही माणूस नव्हता. तेव्हा काही डॉक्टर आणि कार्यकर्ते प्रेक्षकांतून एकेक करून उभे राहिले आणि विचारू लागले, आमचा माणूस टेबलावर का नाही? आठ जणांना पोलिसांनी पकडून नेलं. डॉक्टरांनाच आरोग्याच्या बैठकीतून अटक!

मधला एक मार्ग निघाला होता. खासगी कंपन्या राहू द्या, शेजारी एक सरकारी विमाही ठेवा, ज्याला पाहिजे तो घेईल. यात सक्ती कोणावरच नाही. हे तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारात व्यापारी कापूस पाडून मागत असतो. सीसीआयचं केंद्र उघडलं की दुसऱ्या दिवशी त्याच व्यापाऱ्याचा भाव वर सरकतो. सगळा कापूस काही सीसीआय घेत नाही. पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे, एवढ्यानं फरक पडतो. केंद्रावर ग्रेडर काय करतो, ओलावा किती काढतो, ते आपलं वेगळं भांडण आहे, ते आज नको.

नोव्हेंबर २००९ मध्ये खालच्या सभागृहानं सरकारी विम्यासह कायदा पास केला. मतं, योगायोग बघा, पुन्हा २२० विरुद्ध २१५. वरच्या सभागृहात शंभरातली साठ मतं लागत होती आणि ती मोजून साठच होती. त्यातल्या जोसेफ लीबरमन यांनी सांगितलं की सरकारी विमा असेल तर माझं मत नाही. मग तडजोड निघाली, निदान पंचावन्न वर्षांपुढच्यांना पैसे भरून मेडिकेअर घेऊ द्या. या कल्पनेला त्यांचा स्वतःचा आधी पाठिंबा होता. आता म्हणाले, तेही नको. ते कनेक्टिकट राज्याचे. तिथलं हार्टफर्ड शहर विमा कंपन्यांचं माहेरघर म्हणून ओळखलं जातं. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. कायद्यातून सरकारी विमा गेला, एवढं खरं.

मार्च २०१० मध्ये कायदा झाला. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. सुमारे दोन कोटी लोकांना त्यानं विमा दिला. आधी आजार होता म्हणून विमा नाकारायची कंपन्यांची वहिवाट मोडली. गरिबाला यातून पुष्कळ मिळालं. पण भाव ठरवण्याचा अधिकार होता तिथंच राहिला.

त्याची किंमत कोणी मोजली ते सांगतो. साखरेच्या आजारावरचं इन्सुलिन १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये सापडलं. ज्यांच्या नावावर पेटंट होतं त्यांनी ते १९२३ साली विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकलं. औषध कोणाच्या मुठीत राहू नये, हा हेतू. ते जुनं इन्सुलिन आणि आजचं सुधारलेलं यात फरक आहे, कंपन्या तो सांगतात, आणि तो खोटा नाही. पण सुधारलेल्याच एका इन्सुलिनची बाटली १९९६ साली २१ डॉलरला होती, ती वीस-एकवीस वर्षांनी २७५ डॉलरला गेली. बाटली तीच, आतलं औषध तेच. २०१९ साली सिनेटर बर्नी सँडर्स डेट्रॉइटहून साखरेच्या रुग्णांना बसमध्ये घालून नदीपलीकडे कॅनडात घेऊन गेले. तिथं तेच इन्सुलिन सुमारे दहाव्या हिश्शाला मिळत होतं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली माणसं औषधासाठी सीमा ओलांडत होती. आपण कधी काळी रात्री बैलगाडीतून कापूस सीमेपलीकडे नेत होतो, त्याची मला आठवण झाली.

कंपन्या म्हणतात, भाव पाडले तर संशोधन मरेल. नवं औषध शोधायला पैसा लागतो, हे मी मान्य करतो. बियाण्याच्या बाबतीतही आपण हे मान्य केलं आहे. पण संशोधनाचा खर्च काढायला भाव किती पाहिजे, हे बोलणी करून ठरवता येतं. बोलणीच बेकायदा, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

शेवटी ते कलम मोडलं. ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. तेही पूर्ण मोडलं नाही. मेडिकेअरला काही निवडक जुन्या औषधांचा भाव करायची परवानगी मिळाली. मंजुरी मिळून साध्या गोळ्यांना सात आणि टोचून घ्यायच्या जैविक औषधांना अकरा वर्षं झाल्यावर त्या यादीत धरता येतील. पहिल्या वर्षी फक्त दहा औषधं. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. तरी भाव झाले, आणि जानेवारी २०२६ पासून लागू झाले. छापील भावापेक्षा ३८ पासून ७९ टक्क्यांपर्यंत कमी! साखरेवरची जॅनुव्हिया नावाची गोळी महिन्याला ५२७ डॉलर होती, ती ११३ वर आली. एवढा भाव उतरूनही कंपनी विकते आहेच. म्हणजे इतकी वर्षं वरचा पैसा कशाचा होता, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

त्याच कायद्यात म्हाताऱ्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरला ठरलं. तरण्या माणसांच्या खासगी विम्यालाही तीच मर्यादा लावा, असा मुद्दा आला तेव्हा ५७ मतं पडली. साठ लागत होती. आणि जुलै २०२५ मध्ये आणखी एका भल्यामोठ्या कायद्यात दुर्मिळ आजारांवरच्या औषधांना भावाच्या बोलणीतून जास्तीची सूट देणारी तरतूद घातली गेली.

आता म्हणाल, यात आपलं काय? दोन-तीन गोष्टी आहेत.

ती जॅनुव्हिया गोळी. तिचं मूळ औषध सिटाग्लिप्टिन. आपल्या देशात त्याचं पेटंट २०२२ साली संपलं आणि जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. आपल्यात जे साखरेचे रुग्ण आहेत त्यांनी चिठ्ठीवर हे नाव आहे का, ते बघावं.

दुसरी गोष्ट स्टेंटची. फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या सरकारनं हृदयात घालायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या वर विकला जाणारा औषधी स्टेंट २९,६०० रुपयांवर आणला. त्यावर अमेरिकेतल्या वैद्यकीय साहित्याच्या कंपन्यांनी आपल्या सरकारकडे अर्ज केला. तिथला दूधधंदाही त्यात होता. २०१८ साली भारताच्या व्यापार सवलतीची चौकशी लागली आणि ५ जून २०१९ पासून ती सवलत बंद झाली. कारणं आणखीही होती, पण सुरुवात या अर्जांनी झाली. म्हणजे वॉशिंग्टनच्या दारात उभा असलेला माणूस आपल्या छातीतल्या तारेच्या भावापर्यंत पोचतो. तोच माणूस, किंवा त्याचा भाऊबंद, अमेरिकेच्या कापसाच्या सबसिडीसाठीही तिथं उभा असतो. ब्राझीलनं त्या सबसिडीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा जिंकला, तेव्हा अमेरिकेनं सबसिडी सोडली नाही, २०१० पासून ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला १४ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. तिथले कापूस पिकवणारे मूठभर, पण त्यांचा माणूस दारात आहे.

तिसरी गोष्ट घरची. माझ्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. दवाखान्याचं नाव घेत नाही. बिलात स्टेंटचा आकडा सरकारी मर्यादेत, बरोबर. पण फुग्याचे पैसे, तारेचे पैसे, नळीचे पैसे, खोलीचे पैसे, आणि 'इतर' म्हणून एक रक्कम, ती स्टेंटपेक्षा मोठी. मी विचारलं, इतर म्हणजे काय? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला नाही कळणार." त्या हंगामाचा सगळा कापूस त्यात गेला, आणि दोन एकर गहाण पडली.

त्या तरुण मित्रानं विचारलं होतं, बाजारावर सोडलं तरी असं का? तिथं बाजारावर सोडलंच नव्हतं. विकणाऱ्याला सोडलं होतं. घेणाऱ्याला एकेकटं करून, भाव विचारायची बंदी घालून, दारात उभं केलं होतं. आणि ती बंदी उठवायला एकोणीस वर्षं लागली, कारण सभागृहाच्या दारात कंपन्यांची माणसं होती आणि रुग्णांची नव्हती.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. गेल्या तीन वर्षांत घरात जे दवाखान्याचं बिल झालं असेल ते घेऊन या. औषधाच्या पावत्या असतील तर त्याही. फाटलेल्या, चुरगळलेल्या, कशाही. तालुक्याप्रमाणे वही केली आहे, एका बाजूला बिल आणि दुसऱ्या बाजूला त्यासाठी कोणाकडून किती टक्क्यानं पैसे घेतले ते लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळकरी मुलं लिहून घेतील. बिलावर 'इतर' असा शब्द असेल तर त्याखाली लाल रेघ ओढून आणा.